चि. अर्णवला, कॅसेटसोबत

सातारा,
रविवार

चि. अर्णव,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे म्हणालास ते मनातून जात नाही. रोहन जर्मनीला निघाला, त्याच्याशिवाय गाणारं कोणी नाही, म्हणून बँड बंद. जॅमरूमचं भाडं या महिन्यापासून भरायचं नाही असं ठरलं आणि तू तुझी बेस गिटार विकायला काढलीस. "दोन वर्षं फुकट गेली," म्हणालास. त्यावर मी "जेवलास का" एवढंच विचारलं, कारण त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही. आता सुचतंय, म्हणून लिहिते. सोबत एक कॅसेट पाठवते आहे. तिच्याबद्दल शेवटी सांगेन. आधी तिच्यात ज्यांची गाणी आहेत त्यांच्याबद्दल.

पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडचं नाव तू लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकतोयस. पण मी तुला त्यांची गाणीच ऐकवली, त्यांची गोष्ट सलग अशी कधी सांगितली नाही. तुझं आत्ताचं दुखणं त्या गोष्टीत पहिल्या पानापासून आहे.

सिएटलमध्ये स्टोन गॉसार्ड नावाचा गिटारवाला होता आणि जेफ अमेंट नावाचा बेसवाला. अमेंट मोंटाना राज्यातल्या बिग सँडी नावाच्या छोट्याशा गावातून आलेला, कॉफीच्या दुकानात नोकरी करून वाजवणारा. दोघांचा पहिला बँड ग्रीन रिव्हर. ज्या खरखरीत, जड आवाजाला पुढे जगाने ग्रंज म्हटलं, तो रेकॉर्डवर आणणाऱ्या पहिल्या काही बँडपैकी हा एक. १९८७ च्या सुमारास तो फुटला. कारण तुझ्याही ओळखीचं असेल: काहींना मोठी कंपनी, मोठं स्टेज हवं होतं आणि काहींना तेच नको होतं. मग या दोघांनी मदर लव्ह बोन उभा केला. त्याचा गायक अँड्र्यू वुड शंभर माणसांपुढेसुद्धा स्टेडियम भरलंय अशा थाटात गायचा. मोठ्या कंपनीशी करार झाला, पहिला अल्बम तयार झाला, आणि तो दुकानात यायच्या आधीच, १९ मार्च १९९० ला, हेरॉइनच्या अतिसेवनाने वुड गेला. चोवीस वर्षांचा होता.

म्हणजे तोपर्यंत या दोघांचे दोन बँड संपले होते. तुझं दुःख लहान आहे असं मी म्हणत नाहीये, अर्णव. रिकाम्या जॅमरूमला कुलूप लावून घरी येताना काय वाटतं, ते तुला माझ्याहून जास्त कळतं. मला एवढंच सांगायचंय की त्या वर्षी गॉसार्डने पुन्हा गिटार घेतली आणि आपल्या जुन्या ओळखीच्या माइक मॅक्रीडीसोबत वाजवायला बसला. मॅक्रीडीची गतही फार वेगळी नव्हती. आपल्या बँडबरोबर लॉस एंजेलिसला नशीब काढायला गेला होता, हात हलवत परत आला आणि मधला काही काळ त्याने गिटारला हात लावला नव्हता. या दोघांनी मिळून अमेंटला पुन्हा ओढून आणलं. गायक नाही, कायमचा ड्रमर नाही. दुसऱ्या बँडमधले ड्रमर बोलावून त्यांनी नुसती चालींची एक कॅसेट तयार केली. शब्दांशिवाय.

ती कॅसेट फिरत फिरत सॅन डिएगोला एका मुलाच्या हातात पडली. एडी व्हेडर. रात्रपाळीला पेट्रोल पंपावर काम करायचा, सकाळी समुद्रावर सर्फिंग करायचा. कॅसेट ऐकली आणि पाण्यात असतानाच त्याला शब्द सुचत गेले. घरी येऊन त्याने तीन चालींवर आपला आवाज भरला आणि कॅसेट पोस्टाने परत धाडली. अमेंटने ती पुन्हा पुन्हा ऐकली आणि गॉसार्डला बोलावून घेतलं. १९९० च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्हेडर सिएटलला पोचला आणि २२ ऑक्टोबरला ऑफ रॅम्प नावाच्या जागी त्यांचा पहिला कार्यक्रम झालासुद्धा. तेव्हा नाव होतं मुकी ब्लेलॉक, एका बास्केटबॉल खेळाडूचं. पुढे नाव बदलून पर्ल जॅम करावं लागलं, पण त्या खेळाडूचा जर्सी नंबर दहा, म्हणून पहिल्या अल्बमचं नाव ‘टेन’.

त्या तीन गाण्यांतलं एक ‘अलाइव्ह’. व्हेडर ज्यांना वडील समजत होता ते सावत्र वडील होते आणि खरे वडील, ज्यांना तो घरचे ओळखीचे म्हणून भेटला होता, ते वारले होते. हे आईने त्याला ऐन मिसरूड फुटायच्या वयात सांगितलं. ‘मी अजून जिवंत आहे’ ही ओळ त्याने ओझं म्हणून लिहिली होती. जिवंत आहे, आता या जगण्याचं करायचं काय, असा तो सूर होता. पण कार्यक्रमांत हजारो पोरं तीच ओळ हात वर करून आनंदाने गायला लागली. पुढे त्याने स्वतः सांगितलं की लोकांनी त्या शब्दांचा अर्थच बदलला आणि त्याच्यावरचा शाप उतरवला. मी हे वाचलं तेव्हा पोळ्या करत होते, तवा जळेपर्यंत उभी राहिले होते. आपण लिहिलेलं दुःख परक्या लोकांनी गाऊन हलकं करावं, याहून मोठं काही गाणाऱ्याला मिळत असेल असं मला वाटत नाही.

‘टेन’ २७ ऑगस्ट १९९१ ला आला. महिन्याभराने निर्वाणा नावाच्या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला, जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं आणि सगळ्या जगाची मान सिएटलकडे वळली. ‘टेन’ मात्र हळूहळू चढला. दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचायला त्याला जवळजवळ वर्ष लागलं. आज नुसत्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ३० लाख प्रतींची नोंद आहे.

आमच्यापर्यंत तो १९९३ साली आला, पुण्याच्या होस्टेलमध्ये. टीव्हीच्या खोलीत तेव्हा स्टार टीव्हीवर एमटीव्ही दिसायचं. तिथे मी ‘जेरेमी’ पहिल्यांदा पाहिलं. टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलाने वर्गासमोर जीव दिल्याची छोटीशी बातमी व्हेडरने पेपरात वाचली होती, त्यावरचं गाणं. त्याच्या सुरुवातीला घंटेसारखे घणघणणारे जे स्वर आहेत ना, तो अमेंटचा बारा तारांचा बेस. तू बेस घ्यायचा म्हणालास तेव्हा बाबा म्हणाले होते, "गिटार सोडून हे काय, याचा आवाज तर ऐकूही येत नाही." मी तेव्हा तुझ्या बाजूने का उभी राहिले, ते आता तुला कळेल.

मुंबईच्या एका मैत्रिणीकडे मूळ कॅसेट होती. कव्हरवर गुलाबी रंगात सगळ्यांचे हात वर एकमेकांना भिडलेले, मागे बँडच्या नावाची मोठी लाकडी अक्षरं. ती अक्षरं अमेंटने स्वतः बनवली होती. आम्ही चौघीजणी खाटेवर बसून ते कव्हर उलगडून बघत राहिलो होतो. मग डबल डेकवर ती उतरवून घेतली. कशावर उतरवली, ते पुढे येईल.

आता मला ज्याच्याबद्दल त्यांचा सगळ्यात जास्त आदर वाटतो ते सांगते. सप्टेंबर १९९३ मध्ये ‘जेरेमी’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा मान मिळाला. त्याच सुमारास त्यांनी व्हिडिओ करणंच थांबवलं. पुढचा व्हिडिओ थेट १९९८ साली. ऑक्टोबर १९९३ मध्ये दुसरा अल्बम ‘व्हर्सेस’ आला आणि पहिल्या पाच दिवसांत साडेनऊ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. तोपर्यंत कुठल्याही अल्बमचा एवढा खप पहिल्या आठवड्यात झाला नव्हता. ‘टाइम’ मासिकाने व्हेडरला कव्हरवर घेतलं, त्याने मुलाखत दिलेली नसताना. आणि सगळं जग दारात उभं असताना हे लोक दार अर्धं लोटून घेत होते. तेव्हा पुष्कळांना तो शिष्टपणा वाटला. मला तो जीव वाचवण्याचा मार्ग वाटतो. कारण एप्रिल १९९४ मध्ये निर्वाणाचा कर्ट कोबेन गेला, सत्तावीस वर्षांचा. त्याने आधी पर्ल जॅमवर सडकून टीका केली होती, मग दोघांचं जुळलंही होतं. पुढे ॲलिस इन चेन्सचा लेन स्टेली गेला, साउंडगार्डनचा ख्रिस कॉर्नेल गेला. कॉर्नेल आणि वुड एकत्र राहायचे, वुड गेल्यावर त्याने या सगळ्यांना गोळा करून मित्रासाठी ‘टेंपल ऑफ द डॉग’ हा अख्खा अल्बम केला होता. त्या एका शहराने किती पोरं गमावली बघ. आई म्हणून त्या यादीकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

मग तिकिटांचं भांडण. गेल्या वर्षी त्या मोठ्या कार्यक्रमाच्या तिकिटासाठी तू रात्रभर लॅपटॉपसमोर बसला होतास आणि शेवटी तिकिटापेक्षा वरच्या ‘कन्व्हिनियन्स फी’वरच जास्त चिडलास. हेच भांडण या लोकांनी १९९४ साली काढलं होतं. आपलं तिकीट १८ डॉलरच्या आसपास राहावं आणि वरचा आकार दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. तिकीटमास्टर कंपनी ऐकेना. गॉसार्ड आणि अमेंट ३० जून १९९४ ला अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन साक्ष देऊन आले. दौरा रद्द केला, पैसे बुडाले. पुढच्या वर्षी तिकीटमास्टरशिवाय दौरा काढायचा म्हणून मैदानं, उद्यानं अशा आडवाटेच्या जागा शोधल्या. सॅन फ्रान्सिस्कोला व्हेडर आजारी, सात गाण्यांनंतर त्याला उतरावं लागलं, बाकीचा कार्यक्रम नील यंगने निभावून नेला. जुलै १९९५ मध्ये सरकारने चौकशी गुंडाळली आणि १९९८ साली यांना पुन्हा त्याच कंपनीच्या तिकिटांवर वाजवावं लागलं. हरले. पण २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच कंपनीवर आणि तिची मालक असलेल्या लाइव्ह नेशनवर मक्तेदारीचा खटला भरला, तेव्हा जगभरच्या पेपरांना पहिली आठवण या पाच जणांची झाली. तीस वर्षांनी.

तुला वाटेल त्यांच्यात भांडणं नव्हती. होती. तिसऱ्या अल्बमच्या वेळी, ‘व्हायटॅलॉजी’च्या वेळी, शेवटचा शब्द व्हेडरचा झाला होता, बाकीच्यांशी बोलणं आटलं होतं आणि ज्याने हा बँड उभा केला त्या गॉसार्डच्याच मनात सोडून जायचं येऊन गेलं. (तो अल्बम ऐकलास तर तुलाही जाणवेल. मधूनच अप्रतिम, मधूनच कोणी कोणाचं ऐकत नाहीये असा.) मग हळूहळू सगळ्यांची गाणी, सगळ्यांचे शब्द आत यायला लागले. १९९८ च्या ‘यील्ड’वर ते ऐकू येतं. ड्रमर तर इतके बदलले की मलाच नावं मोजावी लागतात. पण त्या बिनशब्दांच्या पहिल्या कॅसेटवर ज्याने ड्रम्स वाजवले होते, तो मॅट कॅमरन आठ वर्षांनी त्यांच्यात आला आणि २०२५ पर्यंत राहिला. गॉसार्ड, अमेंट, मॅक्रीडी आणि व्हेडर हे चौघं १९९० पासून आजही एकत्र आहेत. २०२४ मध्ये नवा अल्बम आला, ‘डार्क मॅटर’. मी तो पहिल्याच दिवशी ऐकला.

एक गोष्ट लिहावी की नाही, असं झालं होतं. लिहिते. ३० जून २००० ला डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड महोत्सवात त्यांच्या कार्यक्रमात पुढच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली. पाऊस, चिखल, मागून रेटा. व्हेडर स्टेजवरून लोकांना मागे सरकायची विनवणी करत होता. नऊ तरुण मुलं गेली. बँड थांबवायचा का, हा प्रश्न त्यांच्यासमोर खरोखर उभा राहिला. ते दौऱ्यावर निघाले, पण ‘अलाइव्ह’ गायले नाहीत. नऊ घरांतलं कोणी ना कोणी गेलेलं असताना ‘मी अजून जिवंत आहे’ कसं म्हणायचं? नोव्हेंबरमध्ये घरी, सिएटलला, दौऱ्याच्या शेवटच्या रात्री ते गाणं पुन्हा गायलं गेलं. मी त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण ऐकलंय. त्या दौऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाची सीडी त्यांनी स्वतःच काढली होती, कमी किमतीत, म्हणजे चोरून केलेल्या प्रतींसाठी लोकांनी जास्त पैसे मोजू नयेत. तू नंतर ‘सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची यादी, रोज वेगळी हवी, नाहीतर वाजवायचं कशाला’ म्हणून रोहनशी भांडायचास ना, तेही यांच्याकडचंच. एका रात्रीसारखी दुसरी रात्र ते वाजवत नाहीत.

"आज कोण ऐकतं ग्रंज," असंही तू म्हणालास. त्यांचा आवाज ऐकून नव्वदीच्या शेवटी कितीतरी गायक तसाच घसा जड करून गायला लागले, त्यातले बहुतेक विसरलेही गेले. मी प्रभाव म्हणते तो याला नाही. २०१८ मध्ये त्यांनी सिएटलला दोन रात्री वाजवलं आणि त्या निमित्ताने शहरातल्या बेघर लोकांसाठी एक कोटी डॉलरहून जास्त निधी उभा राहिला. मॅक्रीडी आपल्या आतड्याच्या आजाराबद्दल, व्यसनातून बाहेर येण्याबद्दल लोकांसमोर मोकळेपणाने बोलतो, म्हणजे तोच आजार असलेली मुलं लाजणार नाहीत. आणि व्हेडरने नुसरत फतेह अली खाँसाहेबांबरोबर गायलं होतं, हे तुला ठाऊक आहे का? ‘डेड मॅन वॉकिंग’ सिनेमासाठी, दोन गाणी. त्याच्या काही वर्षं आधी, १९९२-९३ मध्ये, खाँसाहेब सिएटलच्याच विद्यापीठात पाहुणे कलाकार म्हणून शिकवत होते. ‘द लाँग रोड’मध्ये खाँसाहेबांचा आलाप आणि व्हेडरचा तो खोल आवाज एकमेकांना वाट देत जातात. हेडफोन लावून ऐक, रात्री.

बेस लगेच विकू नकोस, एवढं माझं ऐक. गिऱ्हाईकाला महिनाभर थांब म्हण. पैशांची अडचण असेल तर मला सांग, बाबांना मी बघते. आणि रोहनला जायच्या आधी एकदा जॅमरूममध्ये बोलाव. तुमच्या त्या चार चाली, ज्यांना शब्दच नाहीत म्हणून तू सारखा कुरकुरायचास, त्या तशाच, शब्दांशिवाय, नीट रेकॉर्ड करून ठेवा.

आता कॅसेट. साठची आहे. वरचे दोन प्लॅस्टिकचे कान तोडलेले दिसतील आणि त्या भोकांवर पिवळी पडलेली सेलोटेप. होस्टेलला निघाले तेव्हा आप्पांनी हरिपाठ म्हणून भरून दिली होती, "एकटं वाटलं तर लाव" म्हणून, आणि पुसली जाऊ नये म्हणून कान स्वतः तोडले होते. १९९३ च्या त्या रात्री माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. मी सेलोटेप लावली आणि आप्पांच्या आवाजावर ‘टेन’ उतरवला. आप्पा काय, पुन्हा म्हणतील, असं वाटलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांना सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, लाव बघू काय आहे ते. जिल्हा परिषदेतून येऊन हातपाय धुऊन बसले होते, चहाची बशी हातात. शेवटचं गाणं, ‘रिलीज’, लागलं. व्हेडर त्यात गेलेल्या वडिलांना हाक मारतो. आप्पांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आळवतोय." पुन्हा हरिपाठ भरायचं दोघांच्याही डोक्यात राहिलं आणि राहूनच गेलं. १९९६ मध्ये आप्पा गेले.

वॉकमन सोबत ठेवलाय, पट्टा बदलून घेतलाय, सेल तेवढे नवे घाल. सगळं मोबाइलवरही उतरवून ठेवलंय, त्यामुळे रिबन तुटली तरी घाबरू नकोस. ‘रिलीज’ संपलं की थोडी शांतता येते, मग अमेंटच्या बेसचा शब्दांशिवायचा एक तुकडा आहे, अल्बमच्या सुरुवातीला वाजतो तोच. तो संपला की बंद करू नकोस. अल्बम साठ मिनिटांपेक्षा छोटा आहे. पुढे पाचेक मिनिटं आप्पा आहेत. शेवटचे दोन अभंग, टाळ खाली ठेवल्याचा आवाज, आणि मग आजीला विचारतात, "झालं का गं रेकॉर्ड?"

तुझी,
आई